कोठीच्या तळाले रंग

माही सारी उमर लोखंडाले रंग मारण्यात गेली. राजूरकडच्या कोळसा खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली होतो. शिड्या, खांब, कोळशाच्या पट्ट्याखालचे सांगाडे. तारेच्या ब्रशनं जंग घासायचा, लाल प्रायमर मारायचा, वरून रंग. पाऊस गेला का पुन्हा तेच. एक दगड लागला, ओरखडा पडला, का तिथून जंग आत शिरलाच समजा.

घरी एकच वस्तू अशी होती जिले मी पुरा रंग मारू शकलो नाही. पत्र्याची धान्याची कोठी, माणसाच्या छातीएवढी. बाहेरून दर दसऱ्याले रंगवली, आतून कधीच नाही. बायको तळ दिसूच देत नव्हती. कोठी पुरी खाली केली का घरची लक्ष्मी जाते, म्हणे. जुनी ज्वारी तळाले राहे, नवी तिच्यावर पडे.

मी म्हणो, "आतून सडून राह्यली."

"सडू द्या. तुमी खाणीतलं लोखंड सांभाळा. हे माह्यं आहे."

जास्त बोललो त भाकर थंडी भेटे. म्हणून गप बसलो.

मागच्या पोळ्याच्या आधी ती गेली. ताप आला, दवाखाना झाला, संपलं. तेव्हापासून मी कोठीचं झाकण उघडलं नाही. तळाची ज्वारी तिच्या हातची होती. राशनचे गहू पोत्यातूनच काढून खाल्ले.

या उन्हाळ्यात पोरगी नागपूरहून आली. रंगाच्या कारखान्यात ती तपासणीचं काम करते. रंगाचा एक डबा अन् तोच रंग मारलेली लोखंडी पट्टी घेऊन आली. माह्यापुढं पट्टीवर खिळ्यानं रेघ ओढली. म्हणाली, "सकाळी पाहा, बाबा."

सकाळी रेघ भरली होती. नख फिरवलं, अडकेना.

"हे काय जादू आहे?"

"जादू नाही. रंगात बारीक बारीक गोळ्या आहेत, डोळ्याले दिसत नाही. त्यात तेल. ओरखडा पडला का गोळ्या फुटतात, तेल वाहते अन् तिथंच वाळून बसते. लोखंड उघडं पडत नाही."

"अन् त्याच जागी पुन्हा लागलं त?"

"मंग नाही भरत. तिथलं तेल सरलं ना."

हे तिनं लपवलं नाही, म्हणून माहा विश्वास बसला.

"धान्याच्या टाक्यायसाठीच केला हा रंग. आपल्या कोठीले मारू. पण पुरी खाली करा लागते. जंगावर हा बसत नाही."

"बाहेरून मार."

"बाहेरून त तुम्ही जन्मभर मारला, बाबा. तळ गेला त कोठी भंगारात जाईन."

म्हणजे बायकोच्या हातची ज्वारी ठेवा, नाहीतर तिची कोठी ठेवा. दोन्ही भेटत नाही. त्या दिवशी जेवताना कोठीकडं पाठ करून बसलो.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, चाल.

झाकण काढलं. सोंडकिड्यायनं ज्वारीचा भुगा केलता. बायकोनं टाकलेला कडुलिंबाचा पाला काळा पडलता. पोरगी हळूच म्हणाली, "मूठभर डब्बीत ठेवू का?"

"सोंडे पाळतं का?"

बोललो खरा, पण कोठीतून तो भुगा मीच काढला. भुगा कोंबड्यायनं खाल्ला.

तळाले जंगाचे फोड आलते, पण भोक नव्हतं. कोठी आडवी केली, आत अर्धा शिरलो अन् घासलं. पोरीले हात लावू देल्ला नाही. रंग मात्र तिनं मारला.

रंग पुरा वाळल्यावर पोरीनं नवी ज्वारी आणली. कोठीले हळदकुंकू लावलं अन् पहिलं टोपलं माह्या हातात देल्लं.

"टाका, बाबा."

थोडी टाकली अन् हात तिथंच थांबला. उघड्या तळावर ज्वारी सर्र वाजली. हा आवाज मी आजवर एकदाच ऐकलता, कोठी नवी आली तेव्हा. नव्या नवरीनं पहिलं टोपलं ओतलं अन् पदर तोंडाले लावून हासली होती, "अवो, कशी वाजते पाहा!" त्यानंतर तळ कधी उघडा पडलाच नाही.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. हळू टाकू दे मले."

मुठीमुठीनं टाकत गेलो. जितकं लांबवता येईन तितकं लांबवलं. मंग तळ झाकला गेला अन् वाजणं बंद झालं. उरलेली ज्वारी पोरीनं ओतली.