अर्ध्या छपरावरची खारी

जळगावला प्लॉट घेतला तेव्हा विटांचं घर बांधायची माझी ऐपत नव्हती. नव्वदच्या आगेमागे तयार खोल्या मिळायला लागल्या होत्या. कारखान्यात ओतलेले सिमेंटचे खांब, त्यांच्या खाचांत वरून सरकवायच्या प्लेटा, आणि वर सिमेंटचे पत्रे. दोन दिवसांत घर उभं, असं कारखानदार म्हणाला आणि मी भाळलो. ट्रकभाडं वेगळं, खड्डे वेगळे, हमाली वेगळी, पत्र्यांचे हूकसुद्धा वेगळे, हे त्याने माल ट्रकमध्ये चढल्यावर सांगितलं. स्वस्तातलं घर बायकोच्या पाटल्या घेऊन गेलं. तरी दुसऱ्या संध्याकाळी खोली खरोखर उभी राहिली, आणि मी शहाण्यासारखा चार वेळा तिच्याभोवती फिरलो.

जाताना मिस्त्री म्हणाला, "साहेब, पत्र्यावर पाय देऊ नका. लोखंडी नाही तो, तडकतो. चढायचंच झालं तर फळी टाकून चढा." मी मान डोलावली. ते मी कधीच विसरलो नव्हतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

आई गेल्यावर वडिलांना, म्हणजे आबांना, मी धुळ्याकडच्या गावाहून इकडे आणलं. त्यांचा जन्म धाब्याच्या घरात गेलेला. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचं सपाट छत. दर उन्हाळ्यात त्या छतावर खारी माती टाकायची आणि पायांनी चोपायची. मग घर पावसात गळत नाही की उन्हात तापत नाही. ज्याच्या धाब्यावर खारी पडली नाही त्याला गावात आळशी म्हणत.

वैशाखात आमची खोली अशी तापायची की प्लेटांना हात लावता येईना. मुलगी आठ महिन्यांची. आधी घामोळं उठलं, मग ताप यायला लागला. आबा दुपारभर तिच्या झोळीवर ओलं धोतर धरून बसत. मी ऑफिसातून आलो की एकच बोलणं, "हाई घर नही शे, भट्टी शे." त्यांचं खरं होतं, म्हणूनच मला जास्त झोंबायचं. एका सकाळी सायकल काढता काढता मी ओरडलो, "मंग तुम्हीच करी ल्या ना थंडं!" पत्र्यावर चढू नका, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण रागात होतो. तसाच निघून गेलो.

आबांनी ते काम सोपवल्यासारखं मनावर घेतलं. गाडीवाल्याकडून खारी आणवली, भिजवली, शिडी लावली. सुनेला म्हणाले, "पोरले लिसन निंबखाले बस." ती पोरीला घेऊन दारच्या निंबाखाली बसली, पण नको नको म्हणत राहिली. सत्तरीचा माणूस एकेक पाटी वर नेत होता. अर्धं छप्पर त्यांनी गावच्यासारखं चोपून काढलं. तेवढा भाग कसा टिकला कोण जाणे. मग पुढचा पत्रा तडकला आणि ते खाली फरशीवर आले, बरोबर झोळीच्या जागी.

दवाखान्यात आबांनी तीनच दिवस काढले. शुद्ध आली की विचारायचे, "पोर खाले नव्हती ना?" नव्हती, मी सांगायचो. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दहाव्याच्या दुपारी फुटक्या पत्र्यावर ताडपत्री होती आणि आम्ही सगळे खारीखालच्या अर्ध्या खोलीत बसलो होतो. तिथे मुलगी कित्येक दिवसांनी गाढ झोपली होती. बायकोने भिंतीला हात लावून पाहिला.

"इथे खरंच थंड झालंय हो," ती म्हणाली. मग ताडपत्रीकडे बघून, "त्या मिस्त्रीने काही सांगितलं नव्हतं का, वर चढू नका म्हणून?"

"नाही," मी म्हणालो.