चिकटलेलं बोट

"जोर नको. नुसतं जाऊ दे, येऊ दे," असं म्हणत अक्का पेशंटचा हात स्वतःच्या तळव्यावर घ्यायच्या. मद्रासच्या त्या इस्पितळात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या आणि मी पुण्याहून आलेला त्यांचा नवा सहकारी. त्यांची तंजावरी मराठी तमिळच्या हेलात चालायची. माझ्या मराठीला त्या 'पुस्तकातली' म्हणत.

त्या काळी आमच्याकडे बोटाची तुटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शिवली की हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये असे. कंडरा जुळून यायची, पण आजूबाजूला चिकटून बसायची आणि बोट वाकायचंच नाही. अक्कांनी सर्जनच्या मागे लागून परवानगी मिळवली, चौथ्या दिवसापासून बोट हलवायची. नखाला रबरबँड अडकवून मनगटाच्या पट्टीला बांधायचा, पेशंटने बोट हळूच सरळ करायचं, वाकवायचं काम रबराचं. तुम्ही पाहिलं असतंत तर पोरखेळ वाटला असता. पण बोटं वाकू लागली.

मग गिंडी भागातल्या कारखान्यातला एक कामगार आला. पत्र्याने बोट कापलेलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला, तेव्हा त्याने पट्टी सोडून भरलेली घागर उचलली. आतली शिवण तुटली.

"तुम्हीच हलवायला लावलंत," सर्जन म्हणाले. अक्कांनी घागरीचं नावही काढलं नाही.

त्यानंतर फुलांच्या माळा करणारी एक बाई आली, तिच्याही तर्जनीची कंडरा शिवलेली. चौथ्या दिवशी अक्का तिच्यासमोर बसल्या, हात पुढे केला आणि मागे घेतला. "तूच कर," मला म्हणाल्या. मीही घाबरलो. आम्ही तिला तीन आठवडे प्लास्टरमध्येच ठेवलं. ते काढलं तेव्हा तर्जनी ताठ ती ताठच.

"निदान शिवण तरी टिकली, अक्का."

"तुटलेलं सगळ्यांना दिसतं, बाबा. चिकटलेल्याचा जाब कोण विचारतो?"

पुढे कित्येक महिने अक्का संध्याकाळी तिच्या दुकानी जाऊन ते बोट चोळत, वाकवत बसायच्या. ते अर्धंच वाकलं. बाई मधल्या बोटाने दोरा ओढायला शिकली. "असू दे, अम्मा," म्हणायची. "ती रागावत नाही, तेच सोसवत नाही," अक्का मला म्हणाल्या.

निवृत्त होऊन त्या तंजावरला गेल्या. त्याच आठवड्यात सर्जननी माझ्यापुढे एक फाइल ठेवली. बोटाची कंडरा, कालच शिवलेली.

"तीन आठवडे प्लास्टर ना?"

माझी नजर सवयीने शेजारच्या, अक्कांच्या खुर्चीकडे गेली. तिच्यावर कुणीतरी ओले टॉवेल वाळत घातले होते.

"चौथ्या दिवसापासून हलवू," मी म्हणालो.

"मग जबाबदारी तुमची. इथे सही करा."

मी केली. मग रबरबँड काढायला कपाट उघडलं.