बायजाआजींच्या आईचं नाव

मंडळी, आत्ताच घरी आलोय आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आम्ही काही जण ठाण्यातल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी जमवतो, हे तुम्हाला माहितीच आहे. आज सकाळच्या बैठकीला बायजाआजी आलेल्या. त्यांचं कुटुंब मिठागरात राबलेलं. आजोबा, पणजोबा, काका सगळ्यांची नावं त्यांनी भराभर सांगितली. आईचं नाव विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली.

"मना नाय म्हायती रे. मी रांगत होते तवा ती गेली. बाबानं दुसरी बायको केली. मंग घरान तिचा नाव कोनीच नाय घेतला."

ही १९५०च्या आसपासची गोष्ट.

तेवढ्यात मागून हिरामावशी बोलल्या. त्या आजींच्याच पाड्यातल्या, वयाने त्यांच्याहून मोठ्या. "अगो, तुजी आय नि माजी आय जोडीनं मिठागराव जायच्या. माजी आय तुमच्या दाराशी हाक मारायची, 'चांगुने, चल गो, ऊन चढंल!'"

आजींनी पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाल्या, "अजून एकदा मार गो हाक. तशीच."

हिरामावशींनी मोठ्याने हाक मारली. आजी डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग दोघी कितीतरी वेळ पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशींबद्दल, खाडीवरच्या वाऱ्याबद्दल बोलत बसल्या.

वंशावळीत मी 'चांगुणा' लिहिलं, तेव्हा आजींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

तुमच्या पणजीला कोणत्या नावाने हाक मारायचे, तुम्हाला माहितीये? आज घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचाराल का?