मुंबई ते बंगळुरू, डोक्याला डाय

पहिल्या नोकरीसाठी निघालेल्या लेकीला विमानतळावर सोडून मी लालबागच्या घरी परतलो आणि केसांना डाय लावून घेतला. संध्याकाळी दादरला मेव्हणीच्या मुलाचं लग्न होतं, आणि फोटोत मला नवऱ्यामुलाचा आजोबा दिसायचं नव्हतं. डाय अर्ध्या तासाने धुवायचा, असं पाकिटावर लिहिलं होतं. आईने पाकीट वाचलं नव्हतं.

ती बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर माझा फोन.

"झिला, डोक्यावर पाणी घेव नको. चेडू वाटेर आसा."

घरचं माणूस प्रवासाला गेलं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, डोक्यावरून आंघोळ करायची नाही, हा आमच्याकडचा नियम. मी विसरलो होतो. नात पहिल्यांदाच एकटी चालली होती, तीही आभाळातून. आई कशाला विसरते?

मी शिकलेल्या माणसासारखं समजावलं. "आई, विमानाने अंतर जेमतेम साडेआठशे किलोमीटर. पावणेदोन तासांत पोचेल ती."

"मगे बस पावणेदोन तास."

ऑफिसात चार माणसांना दमात घेणारा मी, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून स्टुलावर बसलो.

"बसा की," बायको म्हणाली, "विमान आहे, एसटी नाही. फार तर जास्त काळे होतील."

त्यात विमान उशिरा सुटलं. टाळू आधी खाजली, मग चुणचुणायला लागली. कानामागून एक ओघळ कॉलरीत उतरला. बायकोने ओलं फडकं आणलं.

"पाणी तां पाणीच," आई म्हणाली. फडकं परत गेलं.

आता मात्र भांडायचंच, असं मी ठरवलं. पण आईचा अंगठा फोनच्या काचेवरून सारखा फिरत होता आणि तिचा सकाळचा चहा बाजूला साय धरून तसाच पडला होता. मी पिशवी जरा घट्ट केली.

शेवटी फोन वाजला. "आजी, उतरले गं." मी उठलो.

"खंय उतरलंस?"

"विमानतळावर. आता कॅबमध्ये बसतेय. ट्रॅफिक आहे, रूमवर जायला दोन तास तरी लागतील."

"इमानापेक्षा जास्ती?"

"हो आजी."

आईने माझ्याकडे पाहिलं. "बस. इमानतळ म्हणजे काय घर नाय."

दोन विमानतळांमधलं अंतर मी आठवडाभर येईल त्याला सांगत होतो. विमानतळापासून खोलीपर्यंतचं मी बघितलंच नव्हतं. बसलो.

लेकीने खोलीतून व्हिडिओ कॉल केला तोवर माझ्या कपाळावर काळी किनार उमटली होती. तिला हसू आवरेना. आईला त्याचं काही नव्हतं. "दाराची कडी लागता काय? लावन दाखव." लेकीने कडी लावून दाखवली. आईने पुन्हा एकदा लावायला सांगितली, मग फोन मला दिला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

मी टॉवेल खांद्यावर टाकला.

"आधी माझी आंघोळ," ती म्हणाली. "सकाळपासून रवली हा."

दार लागलं. आत बादलीत गरम पाणी पडायला लागलं. आईची आंघोळ स्तोत्रासकट असते.