गाभण म्हशीवर बजावलेला हुकूम

मखमलाबाद रस्त्याला नवसाबाईचा गोठा होता. गोठा आधीचा, कॉलनी मागून आली. पण माणसं वाढली की म्हशी नकोशा होतात. शेणाचं पाणी गटारात तुंबायचं, डास व्हायचे, हेही काही खोटं नव्हतं. शेजारच्या मंगलाबाईंचा नातू डेंग्यूनं दवाखान्यात पडला. त्यांनी अर्ज दिला, तारखा पडल्या आणि कोर्टाचा हुकूम झाला: महिनाभरात जनावरं हलवा, नाहीतर पोलीस हलवतील.

नवसाबाईनं दोन म्हशी सायखेड्याला भाचीकडे धाडल्या. राहिली चांदी. तिचे दिवस भरत आले होते. भरल्या दिवसांची म्हैस जागची हलवायची नाही, हे नवसाबाईच्या आईनं पाळलं, सासूनं पाळलं. साहेबांनाही एवढं कळतच असणार, त्यात सांगायचं काय, असं धरून ती निवांत बसली. वाढीव मुदत मागायला गेलीच नाही.

मुदत संपली आणि सकाळीच पोलीस टेंपो घेऊन आले. हवालदार मोतीराम कळवणकडचा, घरी गुरं असलेला.

"मावशी, सोडा म्हैस."

"गाभण हाय ती. पोट दिसत नाय का? तुझं तर लांबून दिसतं."

"मला दिसतंय, मावशी. हुकमात कुठं लिहिलंय? आधी अर्ज केला असता तर मुदत मिळाली असती."

"म्हैस गाभण हाय म्हणून कुणी अर्ज करतं का रे?"

मोतीरामनं साहेबांना फोन लावला. मान हलवली, फोन खिशात टाकला. "आजच म्हणतेत."

चांदी टेंपोला लावलेल्या फळीवर पाय ठेवेना. दोघांनी ओढलं, एकानं रेटलं. नवसाबाई मनात म्हणाली, बरं झालं, चढू नको. तेवढ्यात एका शिपायानं शेपटी पिळली. चांदी गुडघ्यांवर आली, पोट फळीवर आदळता आदळता राहिलं.

"सोड मेल्या तिला!" नवसाबाईनं कासरा हिसकावला आणि स्वतःच आधी फळी चढली. "ये माय, ये." चांदी मुकाट तिच्यामागं गेली.

मंगलाबाई फाटकातून म्हणाल्या, "आम्हाला असं नको होतं हो."

"मग कसं हवं होतं, बाई?"



"मावशी, पुढं बसा," मोतीराम म्हणाला.

"इथंच बरी हाय मी."

टेंपो सायखेड्याकडं निघाला. रस्ता खड्ड्यांचा. लोखंडी कठडा आणि चांदीचं पोट यांच्या मधे तिनं आपली पाठ घातली आणि दणके खात उभी राहिली. सायखेड्याचा पूल आला, तरी त्या पोटातलं रेडकू हललेलं तिच्या पाठीला एकदाही लागलं नव्हतं.