वाल्व्ह उघडणारा माणूस

"बसाले टाइम नही, भाऊ," असं म्हणतच ते दुकानात शिरायचे. मी स्टूल पुढे सरकवायचो, पण ते उभेच. एका हातात अर्जाचा कागद, दुसऱ्या हाताच्या बोटांची काउंटरवर टकटक. नवागाममधल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मी पुष्कळ माणसं पाहिली. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला कुणी काम सांगितलेलं नसतं आणि तरी ज्याला फुरसत नसते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो.

दादा तरुणपणी खानदेशातून आले आणि पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागले. साड्या रंगवून उरलेलं पाणी सोडायचा वाल्व्ह त्यांच्या ताब्यात होता. पाणी साफ करायची टाकी मिलमध्ये होती, पण ती चालवणं शेठच्या जिवावर यायचं. मग दुपारी शिफ्ट बदलताना दादा ते पाणी थेट खाडीत सोडायचे. निवृत्त होताना त्यांनी शेठच्या हातापाया पडून मुलाला आपल्या जागी लावलं.

हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. आधी ते मला दिसले खाडीच्या काठावर. ती खाडी पलसाण्याकडूनच आमच्या सोसायटीमागे येते, आणि गल्लीचा सगळा कचरा तिच्यातच पडायचा. दादा फेकणाऱ्याला अडवत नसत. तो वळला की खाली उतरायचे, पिशवी उचलायचे आणि त्याच्याच ओट्यावर नेऊन ठेवायचे. "तुमनी थैली पडी गई व्हती," असं अगदी नम्रपणे सांगायचे. भांडणं झाली. समोरच्या वहिनींनी तर एकदा ती पिशवी त्यांच्याच अंगावर भिरकावली. पुढे त्याच वहिनी कचरागाडी आली की घरोघरी हाका मारू लागल्या. काठावर करंजाची रोपं लावायला सगळ्यांच्या आधी त्याच वाकल्या. रोपांना काठ्यांशी बांधायला गल्लीतल्या यंत्रमागांवरच्या साड्यांच्या चिंध्या होत्याच.

रोपं महिन्याभरात गेली. बायका त्यांना खाडीचंच पाणी घालत होत्या. दादांनी एक रोप उपटलं, मूळ बोटांत चुरडून पाहिलं आणि तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून प्रदूषण खात्याकडे अर्ज सुरू झाले. अधिकारी यायचे, पण सकाळी. तेव्हा मिलचा पाइप कोरडा असायचा. दादा चिडून माझ्या दुकानात येरझारा घालायचे. "अरे, दुपारी या म्हणतो तर ऐकत नाहीत!"

एकदा ते कोरा कागद घेऊन आले. "टाइप कर. वीस-बावीस वर्षं हा वाल्व्ह मी उघडला. वेळ मला माहीत आहे, पाइप कुठून जातो ते दाखवतो."

"दादा, पोराची नोकरी जाईल."

टकटक थांबली. "ती रोपं कुणी मारली, सांग बरं?" ते म्हणाले. मग हळूच, "कर टाइप."

साक्षीदार म्हणून अर्जावर माझीही सही होती, त्यामुळे तपासणीच्या दुपारी दुकान बंद करून मीही गेलो. मिलच्या मागच्या बाजूला पाइपातून जांभळं, वाफाळतं पाणी खाडीत पडत होतं. मॅनेजर म्हणाला, "वाल्व्ह चुकून उघडा राहिला, साहेब."

अधिकारी दादांकडे वळला. "तुमच्यानंतर हे काम कोण करतं?"

दादांचे ओठ हलले, पण नाव बाहेर पडेना. तेवढ्यात त्यांचा मुलगा आतून बाहेर आला. गुडघ्यापर्यंत ओला होता.

"मी उघडतो," तो म्हणाला. "शेठ सांगतात आणि मी उघडतो. रोज."

मिल काही दिवस बंद राहिली. पुन्हा उघडली ती टाकी चालू करूनच. मुलाला अर्थातच काढलं. त्याला हजिऱ्याला एका ठेकेदाराकडे काम मिळालं आणि एका सकाळी दादांच्या खोलीला कुलूप दिसलं. निरोप नाही, काही नाही. वहिनींनी पुन्हा रोपं लावली, या वेळी घरचं पाणी घातलं. थोडी जगली. खाडी मात्र अजूनही अधूनमधून रंग घेऊन येते. वरच्या बाजूला मिल्स काय थोड्या आहेत?

मागच्या महिन्यात दादांचा मुलगा दुकानात आला. त्यानं पुढे केलेला कागद मी मशीनवर ठेवला आणि मग वाचला. मृत्यूचा दाखला होता. दादांचा.

"त्या दिवसाबद्दल कधी बोलले का रे?" मी विचारलं.

"कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी बोललोच नाही. एकदा जेवताना त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाले, 'तू बोललास ते बरं झालं. माझ्या तोंडात तुझ्याऐवजी दुसऱ्याचंच नाव आलं होतं.'"

"कुणाचं?"

त्यानं कागद गोळा केले, नीट घडी घातली. "विचारलं नाही," तो म्हणाला.