भागवतचे पाहुणे

…तर पोती भरून तयार! काल इथंच थांबलो होतो ना आपण? गेल्या वर्षी आंबाबर्डीच्या पारावर सोयाबीनची पोती एकावर एक रचलेली, तोंडं सुतळीनं शिवलेली, अन् सारं गाव मागच्या कच्च्या रस्त्याकडे डोळे लावून बसलेलं. ट्रक येणार म्हणून! अन् तेवढ्यात पाठीमागून, घाटाच्या पायवाटेनं, वर आला कोण? आमचा भागवत. त्याच्यामागं अकोल्याचे दमलेले पाचसहा मास्तर, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, तोंडं लालभडक.

"ट्रक कुठी हाय बे?" लोक म्हणाले.

"कोनता ट्रक?" भागवत म्हणाला.

झालं होतं असं, की भागवतनं निरोप धाडला होता, 'रविवारी ट्रेक घेऊन येऊन राह्यलो.' आंबाबर्डी डोंगराच्या खोबणीत, तिथं मोबाइल काही धड लागत नाही. निरोप जायचा तो कडूबाच्या तोंडून. कडूबा रोज सकाळी वरून दुधाचे कॅन घेऊन खाली उतरतो अन् दुपारी रिकामे कॅन अन् भरलेलं तोंड घेऊन वर चढतो. त्यानं जन्मात ट्रेक ऐकलेला नाही. त्यानं सुधारून सांगितलं, 'भागवत ट्रक घेऊन येऊन राह्यला.' मग काय, ज्यानं त्यानं पोती काढली! शेवटी त्या मास्तरांनीच हात लावून पोती परत घरोघर नेऊन टाकली, तेव्हा गाव शांत झालं. एक मास्तर तर खाली उतरताना म्हणाला, "भागवतराव, पोत्यांचे पैसे वेगळे घेता का यातच आलं?"

त्या दिवशी भागवतनं कानाला खडा लावला. ट्रेक हा शब्द बंद. साधा, आपला, मराठी शब्द वापरायचा. त्यानं शब्द निवडला, पाहुणे.

अन् राजेहो, खरी गंमत इथून पुढंच आहे!

पण आधी भागवत कोण ते सांगतो, नाहीतर गंमत कळायची नाही. आमच्या मागच्या घरातला हा पोट्टा. आमच्या बुलढाण्यातल्या उंद्रीला एसटीतून उतरून डोंगराकडं चालत सुटलं की आमचं गाव लागतं. तिशी ओलांडलेला, बी.ए. झालेला. काही वर्षं खामगावात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. एक दिवस पिशवी घेऊन परत आला. मी विचारलं, "काऊन रे, काय झालं?" तर म्हणे, "आबा, तिथं नाकात रुवा जाते अन् खिडकीतून डोंगर दिसत नाही." झालं एवढंच. तेव्हापासून तो शहरातल्या लोकांना आमचे डोंगर दाखवतो. सकाळी उंद्रीच्या स्टँडवरून घ्यायचं, दिवसभर वस्त्यावस्त्यांतून चालवायचं, वर कुठं जेवू घालायचं, अन् दिवस बुडायच्या आत परत स्टँडवर आणून सोडायचं. लोक खूश. पैसेही बरे मिळतात. नडलं फक्त लग्न.

स्थळ पाहायला गेलं की पोरीचा बाप विचारणारच, "पोरगा काय करते?" अन् भागवतचा बाप साधाभोळा, तो सांगायचा, "लोकायले फिरवते." की तिकडं हशा! एक जण तर तोंडावर म्हणाला, "मंग आमालेही फिरवून राह्यले का काय?" मध्यस्थानं शिकवलं, सांगा की बुलढाण्याला टुरिझमची कंपनी आहे. भागवत ऐकेना. "कंपनी नाही तं नाही. मी चालतो अन् चालवतो, तेच सांगीन." अशानं पोहे खाऊन खाऊन पोराचं पोट बिघडलं, पण लग्न जमेना. गेल्या वर्षापासून त्यानं पाहायला जाणंच बंद केलं. त्याची माय रोज मला म्हणायची, "आबा, तुमी तरी काही करा." मी काय करणार? मला गोष्टी सांगता येतात, पोरी आणता येत नाहीत.

तर या नवरात्रानंतर पुण्याचे दहाबारा जण आले. मी हट्टानं त्यांच्यात सामील झालो. सून म्हणाली, "आबा, या वयात?" मी म्हटलं, "या वयात नाही तं काय पुढच्या जन्मात?" काठी घेतली अन् निघालो.

काय दिवस होता तो! पाऊस नुकताच सरलेला, डोंगर अजून ओले हिरवे, गवत कमरेएवढं. खाली सोयाबीनची सोंगणी-कापणी चाललेली, तुरीला फुलं यायच्या बेतात. पहिल्या वस्तीवर चहा झाला. दुसरीवर झाला. तिसरीवर पुण्याच्या मधुवंतीबाई हात जोडून म्हणाल्या, "भागवत, आता चहा नको हो!" भागवत म्हणाला, "नाही म्हनू नका ताई, थे लोक वाईट मानतात. ओठाले लावा अन् आबांच्या कपात ओता." अन् राजेहो, त्या दिवशी मी नाही, माझ्या पोटातला चहाच चालून आला म्हणा ना. त्यांच्यातला सोहम नावाचा पोरगा, गुडघ्याच्या वर चड्डी, कानात बाळी, तो वानरांचे फोटो काढत मागं राहायचा अन् वानरं त्याच्याकडं बघत पुढं जायची.

मग आली आंबाबर्डीची खिंड. खिंडीतून खाली नजर टाकली अन् सगळे जागीच थांबले. आमच्या मुलखात कापूस पाहा, सोयाबीन पाहा, हरभरा पाहा. पण इथं डोंगराच्या कुशीत, दगडी बांध घालून, पायरीखाली पायरी, धान! पिकायला आलेलं, लोंब्या वाकलेल्या, वरच्या पायरीतलं पाणी खालच्या पायरीत झुळझुळ उतरतंय. ही शेती गोपाळरावांची, आमचं जेवणही त्यांच्याकडंच ठरलेलं. त्यांचे वडील तरुणपणी भंडाऱ्याकडं धानाच्या कामाला होते. परत येताना त्यांनी बियाणं आणलं, अन् इथला बारमाही झिरा पाहून आयुष्यभर बांध रचत बसले. लोक हसले तेव्हा. आता त्या धानाचा भात खायला पुणं आलं! मधुवंतीबाई तर बांधावर बसून पाण्याचा आवाजच ऐकत राहिल्या. मलाही उठावंसं वाटेना, पण भागवत म्हणाला, "चला, गोपाळराव वाट पाहून राह्यले असतील."

वाट पाहत होते. कशी, ते पाहा!

अंगण शेणानं सारवलेलं. रांगोळी. ओटीवर सतरंज्या. दारात पाय धुवायला पाण्याच्या बादल्या, नवा टॉवेल. गोपाळराव स्वतः पांढऱ्याशुभ्र धोतरात, टोपी घालून. शेजारी त्यांचे मेहुणे, खास देऊळगाव राजाहून आलेले, मिशीला पीळ. मधुवंतीबाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, "अय्या! केवढं सुंदर स्वागत!" भागवतनं माझ्याकडं पाहिलं, मी भागवतकडं. साध्या पिठलं-भाताला एवढा थाट?

गोपाळरावांनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "आबा, पोरगा कोनता?"

"कोनता पोरगा?"

त्यांची नजर फिरत फिरत सोहमवर थांबली. "हा? अर्ध्या चड्डीवर पाहाले आला?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! कडूबानं सांगितलेलं असणार, 'भागवत रविवारी पुन्याचे पाहुणे घेऊन येऊन राह्यला, जेवाले.' अन् घरात लग्नाची पोरगी असलेल्या बापाला 'पाहुणे' म्हटलं की दुसरा अर्थच नसतो. गोपाळरावांची पूनम इतकी वर्षं शिकायला मामाकडं देऊळगाव राजाला होती, आत्ताच परत आली होती. भागवतला ती घरी असल्याचं ठाऊकच नव्हतं.

मी तोंड उघडेपर्यंत उशीर झाला. पूनम आली. डोक्यावर पदर, हातात पोह्यांच्या बशांचं ताट. पोहे वाटले अन् पाटावर खाली मान घालून बसली. मामा खाकरले. "विचारा, काय विचारायचं ते."

मधुवंतीबाईंना वाटलं, इथल्या लोकांशी ओळखीचा कार्यक्रम आहे. त्या उत्साहानं पुढं सरकल्या. "नाव काय तुझं?"

"पूनम गोपाळ."

"शिक्षण?"

"बी.कॉम."

"वा! स्वयंपाकात काय काय येतं तुला?"

मामांनी गोपाळरावांना कोपरानं ढोसलं, जमतंय म्हणून. भागवतचा घाम निघाला. तेवढ्यात सोहम उठला, मोबाइल पुढं केला अन् म्हणाला, "एक फोटो काढू का?"

मामा ताडकन उभे! "फोटो नंतर. आधी पसंती सांगा!"

"कसली पसंती?" सोहम म्हणाला. "पोह्यांची?"

सगळं फुटलं. भागवत हात जोडून उभा राहिला. "काका, हे फिराले आलेले लोक हायेत. धान पाहाले, जेवाले. पोरगी पाहाले नाही."

गोपाळरावांचं तोंड पाहवेना. माणूस देऊळगाव राजाहून मेहुणा बोलावून बसला होता. ते म्हणाले, "मंग पाहुणे काऊन म्हनलं तू?"

"ट्रेक म्हनलं तं गावानं पोती भरली, काका. मी काय म्हनू?"

अन् पाटावरून फिस्सकन आवाज आला. पूनम! पदर तोंडात कोंबला होता, पण खांदे हलत होते. मग तिची माय हसली, मग मी, मग पुणं. मामा सोडून सगळे.

हसू ओसरायच्या आत मला काय सुचलं, देव जाणे. मी म्हटलं, "गोपाळराव, पाहुणे चुकीचे आले हे खरं. पन पोरगाच नाही आला, असं कोन म्हनते?" अन् भागवतच्या पाठीवर थाप मारली.

पाठीवर वीज पडल्यासारखा भागवत दचकला! "आबा, बसा ना खाली!"

मामांनी त्याला खालून वर पाहिलं. बूट, काठी, घामेजलेला शर्ट. अन् तोच जुना प्रश्न आला. "काय करतो पोरगा?"

मी घाईनं म्हणालो, "टुरि…"

"लोकायले फिरवतो," भागवत म्हणाला. मान वर, आवाज साफ. "सकाळी घेऊन जातो, दिवस बुडायच्या आत परत आनून सोडतो. दुसरं काही करत नाही. करनारही नाही."

मामा हसले, ते वाईट हसणं. "म्हणजे पोरीलाबी फिरवशील."

मला वाटलं, संपलं. पुन्हा एकदा पोहे खाऊन परत. पण पूनमनं मान वर केली. "मामा, मागच्या टायमाले तुमी आनलं होतं थे स्थळ आठोते का? पुन्यात कंपनी हाय म्हनत होते. निघाली चहाची टपरी. टपरीचं काही नाही, खोटं काऊन बोलाचं? यानं तं उलट कंपनी असती तरी सांगितली नसती."

मामा खाली बसले. गोपाळराव टोपी काढून डोकं खाजवू लागले. आमच्याकडं माणसाला 'नाही' म्हणायचं नसलं की तो असंच करतो. पुण्याच्या लोकांना आता सारं कळलं होतं. सगळे बशा हातात तशाच धरून. सोहमनं मोबाइलसुद्धा खिशात ठेवला.

पूनम थेट भागवतकडं पाहून म्हणाली, "ट्रेक म्हनलं तं ट्रक समजले, पाहुणे म्हनलं तं हे असं झालं. आता पुढच्या टायमाले कडूबाच्या हाती काय निरोप धाडसान?"

भागवतनं काठी भिंतीला टेकवली. कानापर्यंत लाल झाला होता पोरगा. अन् म्हणाला ते शब्द जसेच्या तसे असे:

"कडूबाच्या हाती आता काहीच धाडत नाही. मीच येईन. मंग ट्रक समजा, पाहुणा समजा, नाहीतं घरचा समजा."